रस्त्यावरच्या डॉक्टरबाई

घरात कुणाला धाप लागली, रस्त्यात अपघात झाला, की आपण आता १०८ फिरवतो. आपल्या राज्यात ही सोय २०१४ पासूनची. पण गाडीतच उपचार सुरू करायचे, ही रीत घडवणाऱ्यांत एक बाई होत्या, अमेरिकेच्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन.

पिट्सबर्ग शहरात त्या काळी आजाऱ्याला न्यायला पोलिसांची गाडी यायची. उचलायचं, मागे झोपवायचं, पळवायचं, एवढंच. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर तीही वेळेवर येईल याचा भरवसा नसे. १९६७ साली डॉ. पीटर साफर यांच्या मदतीने तिथे ‘फ्रीडम हाउस’ ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. साफर यांची स्वतःची मुलगी वर्षभर आधीच दम्याने गेली होती. कामाला घेतली ती वस्तीतलीच बेकार माणसं. कुणी शाळा अर्धवट सोडलेली, कुणी व्हिएतनामच्या लढाईवरून परतलेली.

नॅन्सीबाईंचा जन्म १९४४ चा. साफर यांच्या हाताखाली शिकत असताना त्यांच्याकडे या सेवेची वैद्यकीय जबाबदारी आली. त्या खुर्चीत बसून राहिल्या नाहीत. गाडीत बसून रस्त्यावर जायच्या आणि तिथेच शिकवायच्या: श्वासनलिकेत नळी कशी घालायची, शिरेतून औषध कसं द्यायचं, हृदयाचा आलेख कसा वाचायचा. ही कामं डॉक्टरांनीच करायची, अशी तेव्हाची समजूत. वस्तीतल्या पोरांनी ती करून दाखवली. बाईंनी तयार केलेला अभ्यासक्रम पुढे देशभर लागू झाला, १९७९ साली त्यांचं पाठ्यपुस्तकही आलं.

पण १९७५ मध्ये शहराने आपली स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद झालं. आपल्या माणसांना नव्या सेवेत घ्याच, असा बाईंनी हट्ट धरला. घेतलं, पण ज्यांनी हे काम उभं केलं त्यांना नवख्या गोऱ्यांच्या हाताखाली ठेवलं. बरेच जण गळले. बाईंच्या पुस्तकाचं कौतुक करताना हा भाग गाळला जातो, ते मला पटत नाही.

पुढे त्यांनी इस्राएलच्या रुग्णवाहिका सेवेत काम केलं, मग पूर्व आफ्रिकेत विमानाने खेडोपाडी जाणाऱ्या डॉक्टरांबरोबर. १९९५ साली त्या उत्तर इस्राएलमध्ये एका वेगळ्याच कामाला लागल्या: जे बरे होणार नाहीत त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या वेदना कमी करायच्या. २००२ मध्ये कर्करोगाने त्या गेल्या, तेव्हा ५८ वर्षांच्या होत्या.