चिनी ऐतिहासिक प्रेममालिका : ओळख आणि आस्वाद

जालन्याहून सिंदखेड राजा फार दूर नाही. जिल्ह्याची हद्द ओलांडून बुलढाणा जिल्ह्यात शिरले की थोड्याच वेळात लखुजी जाधवरावांच्या वाड्याचे महाद्वार समोर येते. या वाड्यातील रंगपंचमीची कथा या भागातील बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. बाल जिजाऊ आणि बाल शहाजी यांनी एकमेकांवर रंग उधळला, लखुजींच्या तोंडून 'जोडा कसा शोभतो' असे कौतुकाचे उद्गार निघाले आणि मालोजीराजांनी तेच वचन मानले, अशी ही कथा. इतिहासकार ती जशीच्या तशी स्वीकारत नाहीत. मात्र पुढे जे घडले त्याला इतिहासाचा आधार आहे. जाधव आणि भोसले या सोयऱ्यांत वैर आले. १६२९ मध्ये लखुजीराव देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात पुत्रांसह मारले गेले. त्यानंतर काही महिन्यांतच शिवनेरीवर जिजाऊंच्या पोटी शिवराय जन्माला आले.

विवाहाने जोडलेली आणि राजकारणाने तोडलेली नाती हा ऐतिहासिक प्रेमकथेचा गाभा आहे. गेल्या काही वर्षांत दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून आणि मोबाइलवरून मराठी घरांत पोहोचलेल्या चिनी ऐतिहासिक प्रेममालिकांचा गाभाही तोच आहे. भाषा परकी, नावे अवघड, भागांची संख्या छाती दडपवणारी. तरीही एकदा बसलेला प्रेक्षक सहसा उठत नाही. या मालिकांची ओळख करून देणे आणि त्या पाहताना कोणत्या गोष्टी ध्यानात ठेवल्यास आनंद वाढतो हे सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रकार आणि परंपरा

प्राचीन वेशभूषेतील मालिकांना चिनी भाषेत 'गूझ्वांग' म्हणतात. त्यांचे अनेक पोटप्रकार आहेत. राजवाड्यातील राण्यांच्या सत्तासंघर्षाच्या मालिकांना 'गोंगदोउ' म्हणतात. तलवारबाज वीरांच्या कथा 'वूश्या', तर देव, यक्ष आणि अमरत्वाच्या साधनेच्या अद्भुतकथा 'श्यानश्या' या नावाने ओळखल्या जातात. आजच्या काळातील व्यक्ती भूतकाळात जाऊन पोहोचते त्या प्रकाराला 'छ्वानय्वे' म्हणजे कालप्रवास असे नाव आहे. काही मालिकांना नेमक्या राजवटीचा आधार असतो, तर काहींचे राज्यच काल्पनिक असते.

या परंपरेतील एक मोठा टप्पा म्हणजे १९९८ मधील 'माय फेअर प्रिन्सेस'. तैवानच्या लोकप्रिय लेखिका छ्योंग याव (१९३८-२०२४) यांच्या लेखनावरील या मालिकेने आशियातील अनेक देशांत प्रेक्षक मिळवले. २०११ हे वर्ष विशेष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी ७६ भागांची 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' आणि ३५ भागांची 'स्कार्लेट हार्ट' या दोन मालिका आल्या. दोन्हींचे मूळ कादंबऱ्यांत आहे. २०१७ मध्ये ५८ भागांच्या 'इटर्नल लव्ह'ने अद्भुतकथेला मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला, तर २०१८ मध्ये 'स्टोरी ऑफ यानशी पॅलेस' आणि 'रुयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस' या दोन मालिका पाठोपाठ आल्या.

अशा अनेक मालिकांचे चित्रीकरण झेज्यांग प्रांतातील हंगद्यान येथील विस्तीर्ण चित्रनगरीत होते. तेथे बीजिंगच्या राजवाड्याची भव्य प्रतिकृती उभारलेली आहे. आपल्याकडे 'राजा शिवछत्रपती' या २००८ च्या मालिकेसाठी कर्जतजवळ उभे राहिलेले किल्ले आणि दरबार ज्यांना आठवतात, त्यांना या कामामागील कष्टांची कल्पना येईल.

आपला काळ, त्यांचा काळ

मराठी प्रेक्षकाला या मालिका परक्या वाटण्याचे मुख्य कारण म्हणजे काळाचे भान सुटणे. मांचू वंशाच्या छिंग राजवटीतील चार सम्राट आपल्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिले की ही अडचण दूर होते.

सम्राट खांगशी १६६१ ते १७२२ या काळात गादीवर होता. म्हणजे शिवरायांच्या ऐन उमेदीपासून शाहू महाराजांच्या कारकिर्दीपर्यंतचा काळ एकट्या खांगशीने व्यापला. 'स्कार्लेट हार्ट' त्याच्या दरबारात घडते. त्याचा चौथा पुत्र योंगजंग १७२२ ते १७३५ मध्ये सत्तेवर होता. हा थोरल्या बाजीरावांचा काळ, आणि 'एम्प्रेसेस इन द पॅलेस'चाही. पुढे १७३५ ते १७९६ ही एकसष्ट वर्षे छ्यानलोंगची. नानासाहेबांची पेशवाई, १७६१ चे पानिपत, माधवरावांची कारकीर्द आणि नारायणरावांचा खून हे सारे त्याच्याच काळातले. 'यानशी' आणि 'रुयी' या दोन्ही मालिका त्याच्या अंतःपुरातील आहेत. त्याचा पुत्र ज्याछिंग १७९६ मध्ये गादीवर आला, त्याच वर्षी पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा झाला. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी वेलस्लीची लढाई झाली, तेव्हा चीनमध्ये हाच ज्याछिंग राज्य करीत होता.

त्याहून मागे, थांग राजवटीच्या वैभवशाली काळातील मालिका पाहताना ह्युएनत्संगाची आठवण ठेवावी. पुलकेशी दुसरा याच्या काळात महाराष्ट्रात येऊन येथील लोकांच्या मानी स्वभावाचे वर्णन करणारा हा प्रवासी त्याच थांग चीनमधून आला होता.

एकच राणी, दोन रूपे

या मालिकांचा रसास्वाद आणि त्यांतील इतिहास यांचे नाते समजून घेण्यासाठी २०१८ मधील दोन मालिकांसारखे उदाहरण सापडणे कठीण. 'यानशी' (७० भाग) आणि 'रुयी' (८७ भाग) या दोहोंत सम्राट तोच, महाल तेच, राण्याही त्याच. छ्यानलोंगची दुसरी सम्राज्ञी नारा घराण्यातील होती. 'यानशी'मध्ये ती मनाने कठोर होत गेलेली कपटी राणी आहे, तर 'रुयी'मध्ये तीच नायिका आहे. उलट वेई घराण्यातील जी राणी 'यानशी'ची निर्भय नायिका, तीच 'रुयी'मध्ये खलनायिका. दोन्ही मालिका लागोपाठ पाहिलेला प्रेक्षक काही दिवस गोंधळून जातो. मग खरे काय?

इतिहास सांगतो ते फार थोडे आहे. १७६५ मध्ये सम्राटाच्या दक्षिण दौऱ्यात हांगझौ येथे काहीतरी बिनसले आणि नारा सम्राज्ञीला तातडीने राजधानीस परत पाठवण्यात आले. तिने आपले केस कापले, असे सम्राटाने पुढे स्वतःच सांगितले. मांचू रीतीप्रमाणे स्त्रीने केस कापणे हे शोकाचे चिन्ह होते. पती हयात असताना केस कापणे हा घोर अपराध. पुढच्याच वर्षी, १७६६ मध्ये, ती वारली. सम्राट त्या वेळी शिकारीच्या मोहिमेवर होता. तिचे अंत्यसंस्कार सम्राज्ञीच्या मानाने झाले नाहीत आणि तिला स्वतंत्र समाधीही मिळाली नाही. वेई राणीचा पुत्र मात्र पुढे सम्राट झाला. तोच वर उल्लेखिलेला ज्याछिंग.

भांडण कशावरून झाले, हे कोणत्याही दप्तरात नाही. इतकेच नव्हे, तर या दोन्ही स्त्रियांची स्वतःची नावेही उरलेली नाहीत. नोंद आहे ती माहेरच्या घराण्याची आणि पदवीची. 'रुयी' हे नाव कादंबरीने दिलेले आहे. म्हणजे दोन्ही मालिकांनी एकाच मोकळ्या जागेत दोन वेगवेगळ्या स्त्रिया उभ्या केल्या. ज्यांना इतिहासाने नावसुद्धा ठेवले नाही, त्यांना कथेने मन, वाणी आणि राग दिला. या मालिकांतील आनंदाचे मूळ येथे आहे, आणि त्या पाहताना बाळगायची सावधगिरीही येथूनच सुरू होते.

आपल्यालाही हे नवीन नाही. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका आनंदीबाईंच्या नावाला कायमची चिकटली. त्या एका अक्षराने मराठी कथा-नाटकांत आनंदीबाईंची जी मूर्ती घडली, ती पुसणे इतिहाससंशोधकांनाही जड गेले आहे. उद्या कोणी त्यांच्या बाजूने मालिका लिहिली, तर मराठी प्रेक्षकाची अवस्था 'रुयी' पाहणाऱ्यासारखीच होईल.

ठाऊक असलेला शेवट

रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८० च्या दशकात गजानन जागीरदार यांच्या दिग्दर्शनाखाली ती दूरदर्शनवर मालिकारूपाने आली. रवींद्र मंकणी यांचे माधवराव आणि मृणाल देव (आताच्या मृणाल कुलकर्णी) यांच्या रमाबाई अनेकांच्या स्मरणात आहेत. माधवराव १७७२ मध्ये थेऊर येथे क्षयाने जाणार आणि रमाबाई सती जाणार, हे प्रत्येक प्रेक्षकाला आधीच ठाऊक होते. तरीही लोक मालिका पाहत होते. शेवट माहीत असल्यामुळेच रमा-माधवांच्या साध्या बोलण्यालाही वजन येत होते.

'स्कार्लेट हार्ट'ने हीच गोष्ट कथानकात गुंफली आहे. आधुनिक काळातील एक तरुणी अपघाताने खांगशीच्या काळात जाते. कोणता राजपुत्र सम्राट होणार आणि कोणाच्या नशिबी कैद येणार, हे तिला पाठ आहे. पण प्रेम जडते तेव्हा ते ज्ञान तिच्या उपयोगी पडत नाही. ऐतिहासिक मालिका पाहणाऱ्या प्रेक्षकाची स्थिती हीच असते. नारा सम्राज्ञी वारली त्या १७६६ मध्ये पुण्यात माधवराव पेशवे होते, हे ध्यानात आले की 'स्वामी' आणि 'रुयी' एकाच काळातील दोन घरांच्या कथा वाटू लागतात. एका घरात पतीची निष्ठा अबाधित राहिली आणि आयुष्य अपुरे पडले. दुसऱ्या घरात आयुष्य भरपूर होते, पण विश्वास संपला.

भाषेतील पायऱ्या

उपशीर्षकांत सर्वाधिक हरवते ते संबोधनांचे वैभव. सम्राट स्वतःला 'झन' म्हणतो. हा शब्द वापरण्याचा अधिकार केवळ त्यालाच. राणी सम्राटासमोर स्वतःला 'छनछ्ये' म्हणते, म्हणजे साधारणपणे 'आपली दासी'. तीच राणी दासींसमोर 'बनगोंग' होते, म्हणजे 'या महालाची स्वामिनी'. उपशीर्षकांत या सर्वांचे भाषांतर बहुधा 'मी' असेच येते. म्हणून थोडे कान देऊन ऐकावे. राणीच्या तोंडी अचानक साधा 'वो', म्हणजे निव्वळ 'मी', आला तर समजावे की एकतर मन मोकळे झाले आहे, नाहीतर नाते तुटले आहे. 'इकडून येणे झाले का' किंवा 'स्वारी कुठे निघाली' असे विचारणारी मराठी स्त्री ज्यांनी वाचली-पाहिली आहे, त्यांना हा बारकावा लगेच उमगेल. सम्राटाचे मूळ नाव उच्चारण्यास वा लिहिण्यास तेथे बंदी असे. आपल्याकडे पतीचे नाव घेण्यासाठी उखाण्याची वाट काढावी लागे.

सणांतही ओळखीच्या खुणा आहेत. प्रेममालिकांत वारंवार येणारा 'छीशी' हा सण चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यातील सप्तमीला, म्हणजे सर्वसाधारणपणे आपल्या श्रावण शुद्ध सप्तमीच्या सुमारास येतो. आकाशगंगेच्या दोन तीरांवर ताटातूट झालेले गुराखी आणि विणकर कन्या वर्षातून या एकाच रात्री पक्ष्यांच्या पुलावर भेटतात, अशी कथा आहे. त्यातील विणकर कन्या म्हणजे आपला अभिजित तारा आणि गुराखी म्हणजे श्रवण.

मर्यादा

या मालिकांचे कौतुक करताना त्यांच्या उणिवांकडे डोळेझाक करू नये. एका पुरुषासाठी अनेक स्त्रियांनी एकमेकींचा घात करावा, हे कथानक पुनःपुन्हा येते आणि त्या व्यवस्थेलाच क्वचित प्रश्न विचारला जातो. छ्यानलोंगच्या काळात ग्रंथ जाळले गेले, लेखकांना भीषण शिक्षा झाल्या. अंतःपुराच्या कथेत त्याला सहसा जागा नसते. चीनमध्येही या मालिकांवर टीका झाली. जानेवारी २०१९ मध्ये बीजिंगमधील सरकारी दैनिकाने दरबारी मालिकांतील ऐषाराम आणि कारस्थाने यांवर कोरडे ओढले. २०२० मध्ये तेथील प्रसारण नियामकाने मालिका ४० भागांच्या आत ठेवण्याची सूचना केली. भारतात नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी घातलेल्या उपयोजनांमध्ये चिनी मालिका दाखवणारे 'वीटीव्ही'ही होते. मात्र अनेक मालिका यूट्यूबवर निर्मात्यांच्या अधिकृत वाहिन्यांवर इंग्रजी उपशीर्षकांसह आल्या आहेत.

नव्या प्रेक्षकाने आधी ३५ भागांची 'स्कार्लेट हार्ट' पाहावी. दरबाराची सवय झाली की 'एम्प्रेसेस इन द पॅलेस'कडे वळावे, आणि शेवटी 'यानशी' व 'रुयी' जोडीने पाहाव्यात. या जोडीत एक पात्र विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे : छ्यानलोंगची पहिली सम्राज्ञी, फूचा घराण्यातील. दोन पुत्रांच्या मृत्यूचे दुःख सोसून १७४८ मध्ये प्रवासातच ती वारली, आणि सम्राट पुढे आयुष्यभर तिच्यासाठी कविता लिहीत राहिला. या प्रेमाला मात्र दप्तराचा पुरावा आहे.

सिंदखेडच्या वाड्यातील रंगपंचमी खरी की कल्पित, हा वाद संशोधकांनी अवश्य करावा. प्रेक्षकाने कथा कथेच्या जागी आणि नोंद नोंदीच्या जागी ठेवावी. म्हणजे दोन्हींचा मान राहतो आणि मालिकेचा आनंदही उणावत नाही.