स्वादुपिंडाचं माहेर

कामशेतला आजीच्या घरी, पाण्याच्या माठाला टेकून, ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक छोटी बाटली असे. आजी माळकरी. सगळा जन्म इंद्रायणीच्या खोऱ्यात गेला, मटणाला कधी शिवली नाही. त्या बाटलीतलं इन्सुलिन गुराच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं, हे मला फार उशिरा, लेबल वाचून कळलं. तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. पोटात, जठराच्या मागे दडलेल्या ग्रंथीला 'स्वादु' म्हणायचं कुणाला सुचलं असेल?

लोणावळ्यात आम्ही ज्यांच्याकडून मटण घेतो, त्यांनाच विचारलं. काळीज, गुर्दा, तिल्ली, भेजा, वजडी ही नावं चटाचट आली. या फिकट गुलाबी, लांबट तुकड्याला मात्र त्यांच्याकडे नाव नव्हतं. तो वजडीतच जातो. म्हणजे शब्द दुकानातला नाही, पुस्तकातला आहे.

माझं म्हणणं असं, की तो पुस्तकातही दुकानातूनच आला, फक्त इंग्रजी खाटकाच्या. वासरा-कोकराच्या या ग्रंथीला (आणि छातीतल्या थायमसलाही) इंग्रज सोळाव्या शतकापासून 'स्वीटब्रेड' म्हणतात. स्वीट म्हणजे स्वादु, ब्रेड म्हणजे पिंड. इंग्रजी वैद्यक मराठीत आणणाऱ्या कुणीतरी हे सरळ भाषांतर केलं असणार.

यावर पहिला आक्षेप येतो तो मधुमेहाचा: साखरेशी संबंध म्हणून 'स्वादु'. पण तो संबंध मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याची ही ग्रंथी काढून १८८९ मध्ये दाखवला. शिवाय साखरच सांगायची असती, तर 'मधु' हा शब्द मधुमेहात तयार होता. स्वादु म्हणजे गोडही आणि चवदारही. हा शब्द जिभेचा आहे, तपासणीच्या नळीचा नाही. हिंदीने 'अग्न्याशय' घेतला, त्यात पचनाचं काम आहे. आपल्या शब्दात कामाचा उल्लेखच नाही, फक्त चव आहे.

दुसरा आक्षेप जड आहे. आयुर्वेदात 'क्लोम' असताना नवा शब्द कशाला? कारण क्लोम म्हणजे नेमकं काय, यावर वैद्यांचं कधीच एकमत झालं नाही. चरक त्याला तालूबरोबर पाणी वाहणाऱ्या स्रोतसांचं मूळ मानतो आणि मधुमेहाची तहान आठवून क्लोम म्हणजेच स्वादुपिंड मानायचा मोह होतो. पण सुश्रुत क्लोम उजवीकडे, यकृताच्या बाजूला ठेवतो. स्वादुपिंडाचं शेपूट तर डावीकडे प्लीहेपर्यंत जातं. असा वादातला शब्द भाषांतरकाराने बाजूला ठेवला, हे मला पटतं.

तिसरा आक्षेप मी मान्य करतो: मूत्रपिंडातही पिंड आहे, तेव्हा पिंड हा ब्रेडवरूनच आला असं छातीठोक म्हणता येत नाही. पण गंमत पुढेच आहे. स्वीटब्रेडमधला 'ब्रेड' पावाचा नसून मांस या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचा असावा, असं काही भाषाभ्यासक म्हणतात. ग्रीक 'पँक्रिआस' म्हणजेही 'सगळं मांसच'. आणि आपला पिंड? श्राद्धातला भाताचा गोळा तोही, आणि 'पिंडी ते ब्रह्मांडी'मधला देह तोही. अन्न आणि मांस हे दोन्ही अर्थ एका शब्दात सापडणं, इतकं नेमकं भाषांतर मी दुसरं पाहिलं नाही.

इन्सुलिनही असंच कत्तलखान्यातून औषधाच्या दुकानात आलं. १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं, ते गुराच्या स्वादुपिंडाच्या अर्काचं. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगरने १९५५ पर्यंत ज्या इन्सुलिनातला अमिनो आम्लांचा क्रम लावला, तेही गुराचंच. एकूण ५१ अमिनो आम्लं, दोन साखळ्या: 'ए' २१ची, 'बी' ३०ची. माणसाचा क्रम १९६० मध्ये हाती आला. डुकराचं इन्सुलिन आपल्यापेक्षा एकाच जागी वेगळं: 'बी'च्या शेवटी आपल्याकडे थ्रिओनिन, त्याच्याकडे ॲलानिन. गुराचं तीन जागी: तेच शेपूट, शिवाय 'ए'मधली आठवी आणि दहावी जागा. शेळी-मेंढीत नववीही बदलते, म्हणजे चार. आठ-नऊ-दहा या जागा सहाव्या आणि अकराव्या आम्लांना जोडणाऱ्या गंधकाच्या टाक्याने बांधलेल्या छोट्या कड्यात येतात. तिथे बदल झाला तरी रेणूची घडी मोडत नाही. म्हणून गुराचं इन्सुलिन आजीची साखर उतरवत होतं. शरीर मात्र परकं ओळखतं. त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ('प्रतिपिंड'! इथेही पिंड आलाच.) पूर्वीच्या कमी शुद्ध प्राणिज इन्सुलिनाने टोचल्या जागची चरबी झिजत असे. आजीच्या मांडीवर तसे खड्डे होते.

मुंबईच्या वोक्हार्टने यीस्टकडून घडवून घेतलेलं मानवी इन्सुलिन २००३ मध्ये बाजारात आणलं. त्यात ५१च्या ५१ जागा आपल्या, आणि खाटीक कुठेच नाही. आजी त्याआधीच गेली होती. परवा लोणावळ्याच्या दुकानात वजडीतून तो तुकडा मुद्दाम वेगळा काढून मागितला. त्यातलं इन्सुलिन माझ्यापासून चार जागा दूर होतं. आजीच्या बाटलीतलं तिच्यापासून तीन.