मोज्याची टाच

आज आपण मोज्याच्या टाचेबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून काही जणींना हसू येईल, पण विणणारीला विचारून बघा. मोज्याचा काठ कुणालाही जमतो. पाऊल म्हणजे तर सरळ नळीच. हात अडतो तो टाचेपाशी. तिथे त्या नळीला काटकोनात वळायचं असतं, आणि वळताना चुणीही पडता कामा नये आणि ताणही बसता कामा नये. आपल्याकडे बाळंतविड्यात झबलं-टोपड्याबरोबर लोकरीचे मोजे देतात. बाळाने दोनदा पाय झाडले की ते खाली पडलेले असतात. बरेचदा कारण एकच, टाच नीट बसलेली नसते.

आम्ही गटातल्या बायका मोजे विणायला लागलो तेव्हा मिळेल त्या पुस्तकात एकच रीत होती. काठाकडून सुरुवात, मग टाच, मग पाऊल, आणि शेवटी बोटं. हीच मूळ रीत असं आम्ही धरून चाललो होतो. मोज्याचा इतिहास वाचला तेव्हा कळलं की जुन्यात जुने मोजे नेमके उलटीकडून, बोटांकडून वर विणलेले आहेत.

आधी शब्दच बघा. आपला 'मोजा' फारसीतून आला. उत्तरेत 'जुराब' म्हणतात, तो अरबीतून आला. तुर्कस्तानातला 'चोराप' त्याचाच भाऊ. म्हणजे मोजा आपल्याकडे कुठल्या बाजूने आला हे शब्दच सांगतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये लाल लोकरीच्या मोज्यांची एक जोडी आहे. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या गावी ती सापडली आणि ती तिसऱ्या ते पाचव्या शतकातली मानतात. या मोज्यांना अंगठ्यासाठी वेगळा कप्पा आहे, कारण ते वहाणांबरोबर घालायचे होते. आपल्या कोल्हापुरीवर घालायला असा मोजा अगदी योग्य! तो आजच्यासारखा दोन सुयांवर विणलेला नाही. एकाच सुईत दोरा ओवून, फाशात फासा अडकवत केलेला आहे, आणि सुरुवात आहे बोटांकडून. ब्रिटिश म्युझियममध्ये त्याच सुमाराचा, अँटिनोपोलिस इथला, लहान मुलाच्या डाव्या पायाचा पट्ट्यापट्ट्यांचा मोजा आहे. २०१८ साली त्याच्या रंगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लाल, निळा आणि पिवळा अशा तीनच वनस्पतिरंगांतून सगळे पट्टे काढलेले निघाले. कुणीतरी एका लेकरासाठी इतकी मेहनत घेतली होती.

आजच्यासारखं खरं विणकाम दिसतं ते त्यानंतर काही शतकांनी, तेही इजिप्तमध्येच. निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचे नमुने आहेत, त्यातला एक वॉशिंग्टनच्या टेक्स्टाइल म्युझियममध्ये आहे. तोही बोटांकडून वर विणलेला. त्यातली खुबी ऐका. टाच सगळ्यात शेवटी केलेली आहे. पाऊल झालं, पोटरी झाली, आणि टाचेच्या जागी मुद्दाम ठेवलेल्या टाक्यांवर मागाहून टाच बसवली. मोजा सगळ्यात आधी झिजतो तो टाचेला. ती झिजली की तेवढीच उसवायची आणि नवी घालायची. अख्खा मोजा टाकून द्यायची गरज नाही. गोधडीला ठिगळ लावणाऱ्या आपल्या हातांना ही अक्कल लगेच पटेल.

मग काठाकडून विणायची रीत पक्की कशी झाली? युरोपात आधी कापड कापून, शिवून पायमोजे करत. पुढे विणलेले आले. फ्लॉरेन्सची डचेस एलेओनोरा १५६२ साली वारली, तिला पुरताना पायात किरमिजी रेशमी विणलेले मोजे होते. ते आजही जपून ठेवलेले आहेत. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र केलं. त्यावर सपाट पट्टी विणून निघे, मग तिला आकार देऊन शिवण घालत. इतिहासाच्या पुस्तकात लीचं नाव सापडतं. टाच वळवायची युक्ती ज्या हातांनी काढली, त्यातलं एकही नाव कुठे नाही.

इंग्लंडमध्ये १८६२च्या नियमांनी सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांत मुलींना सुईकाम सक्तीचं झालं. भरल्या वर्गाला एकदम शिकवायचं तर सगळ्यांचे टाके सारखे, ओळी सारख्या हव्यात. एवढे टाके घाला, एवढ्या ओळी विणा, मग टाच, असे छापील पाठ तयार झाले आणि ते काठाकडून खाली जाणारे होते. त्यात वाईट काही नव्हतं. त्या पाठांवर कितीतरी मुली विणायला शिकल्या. पण एक गोष्ट बदलली. मोजा आता पायाला विचारून होत नव्हता, आकड्याला विचारून होत होता.

युद्धात तर आकडाच महत्त्वाचा ठरला. १९१४ साली इंग्लंडच्या राणी मेरीने सैनिकांसाठी ३ लाख मोज्यांच्या जोड्यांचं आवाहन केलं. चिखलाच्या खंदकात उभ्या असलेल्या माणसाला बोटांवरची जाड शिवण घासली तर पाय सोलवटतो. काठाकडून विणलेल्या मोज्याचं तोंड बोटांपाशी बंद करावं लागतं, म्हणून सुईने टाक्याला टाका जोडून शिवण न दिसू देणारा सांधा घालतात. इंग्रजीत तो सेनापती किचनरच्या नावाने ओळखला जातो. बोटांकडून सुरुवात केली तर हा सांधा लागतच नाही.

तुर्कस्तानात आणि बाल्कन प्रदेशात मात्र बायका बोटांकडूनच विणत राहिल्या. दोन सुयांना मिळून दोरा गुंडाळायचा आणि दोन्ही बाजूंनी विणायला लागायचं, या सुरुवातीला आजही तुर्की टाके म्हणतात. तिकडून ही रीत पुन्हा पुस्तकांत आली. अमेरिकेत एलिझाबेथ झिमरमन यांनी मागाहून टाच घालायची पद्धत विसाव्या शतकात लोकप्रिय केली. प्रिसिला गिब्सन-रॉबर्ट्स यांनी देशोदेशीच्या मोज्यांचा अभ्यास करून लिहिलं. २००६ साली ज्यूडी बेकर यांनी बोटांकडून टाके घालायची आणखी एक सोपी रीत प्रसिद्ध केली. जुनीच वाट, पुन्हा मोकळी झाली.

आता हे आपल्या कामाला कसं येतं ते सांगतो. बोटांकडून विणलं की मोजा दर दोन बोटांवर पायात घालून बघता येतो. लोकर किती पुरेल याचीही धास्ती नाही. आधी पाऊल आणि टाच होते, उरलेल्या लोकरीत पोटरी जिथवर जाईल तिथवर.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. चवड्याचा घेर ९ इंच आणि इंचाला ८ टाके बसत असतील तर ७२ टाके होतात. मोजा थोडा ताणून बसायला हवा, म्हणून सुमारे दहावा भाग कमी करून ६४ धरा. टाचेच्या टोकापासून साधारण २ इंच अलीकडे आलात की थांबा. तळव्याकडच्या ३२ टाक्यांवरच पुढे-मागे विणा. प्रत्येक ओळीत शेवटचा एक टाका न विणता वळा. दोन्ही बाजूंना दहा-दहा टाके राहिले आणि मधे १२ उरले की उलट करा, सोडलेला एकेक टाका परत घेत चला. खोलगट वाटी तयार होते, तीच टाच. पुन्हा गोल विणायला लागताना दोन्ही कोपऱ्यांत एकेक टाका जास्तीचा उचला आणि पुढच्या फेरीत तो शेजारच्याबरोबर विणून टाका, म्हणजे तिथे भोक राहत नाही.

ही टाच सडपातळ पायाला छान बसते. पायाचा वरचा भाग उंच असेल तर ती घोट्यापुढे आवळते. अशा पायाचा तिरपा घेर, टाचेच्या टोकावरून घोट्याच्या पुढच्या वळणापर्यंत, टेपने मोजून बघा. तो चवड्याच्या घेरापेक्षा कितीतरी जास्त असतो. इथे आधी जागा करावी लागते. साधारण ४ इंच अलीकडेच सुरुवात करून, एक फेरी सोडून एक, तळव्याच्या दोन्ही कडांना एकेक टाका वाढवा. प्रत्येक बाजूला दहा-बारा टाके वाढले की टाच वळवा, आणि वळवून झाल्यावर ते वाढीव टाके एकेक करून मागच्या पट्टीत मिसळून टाका.

यात जिवाला लागण्यासारखी गोष्टही आहे. मधुमेह असलेल्या माणसाला पायात चुणी किंवा शिवण घासली तर कळत नाही, आणि छोटीशी जखम मोठी होते. घरातल्या सासूबाईंसाठी, वडिलांसाठी मोजा विणत असाल तर आकड्यावर विसंबू नका. त्यांना समोर बसवा, पाय मांडीवर घ्या, मोजा चढवा. टाच बसली नसेल तर चार ओळी उसवा. उसवलेलं वाया जात नाही, ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

विकायला मोजे विणणाऱ्या मैत्रिणींनाही आमचं हेच सांगणं. गिऱ्हाइकाच्या पायाला बसणारा मोजा यंत्राच्या मोज्यापेक्षा महाग असतो, आणि असायलाच हवा. त्यातल्या टाचेची किंमत मागायला संकोच करू नका. पुढच्या वेळी झिजलेली टाच काढून नवी कशी घालायची ते सांगू. जुना मोजा आणि चार नंबरची सुई जवळ घेऊन बसा.