काकांचे भोंगे

लातूरच्या काकांनी मंडप-लाउडस्पीकरचा धंदा बंद केला, तेव्हा भंगारात निघालेले दोन भोंगे मी नांदेडला उचलून आणले. म्हटलं, घरच्या स्टिरिओला जोडू! सौ.ने कपाळावर हात मारला.

लहानपणी माळेगावच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमाचा आवाज पार लांब जायचा, तो या भोंग्यांच्याच जिवावर. १९२० च्या दशकाअखेर बोलपट आले तेव्हा अँप्लिफायर जेमतेम काही वॅटचे. कर्णा लावला की तेवढ्यातही थेटर भरायचं. पण खर्जाला कर्णा अवाढव्य लागतो. ४० हर्ट्झच्या सुराची लाट साडेआठ मीटर लांब! १९४० च्या दशकात अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी तो दुमडून कोपऱ्यात बसवला, खोलीच्या भिंतीच त्याचं तोंड झाल्या. जत्रेचा भोंगा मात्र नुसती हाक पोचवायला केलेला.

काका आले तेव्हा लावून दाखवला. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "डग्गा कुठाय रे?"

जन्मभर भोंगे भाड्याने देणाऱ्या माणसाने हे विचारावं.. असो. आता खालच्या सुरांसाठी पंधरा इंची स्पीकर शोधतोय. वरचं काम भोंग्याकडे, तेही जरा दाबून, कारण तो फार मोठ्याने बोलतो. काकांना हल्ली ऐकू कमी येत चाललंय, म्हणून घाई आहे.