पाचपुते, प्रभाकर
(१९८६– ). मराठी चित्रकार व शिल्पकार. जन्म चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या कोळसा खाणीच्या गावी. घरातल्या पिढ्या खाणीत राबलेल्या. खैरागढ येथे शिल्पकलेचे शिक्षण घेऊन पुढे त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी मिळवली.

मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये २०१२ साली त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. प्रदर्शनाच्या नावात कॅनरी पक्ष्याचा उल्लेख होता; हा पक्षी विलायतेतील कामगार विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून खाणीत नेत असत. पाचपुते लाकडी कोळशाने (चारकोलने) थेट भिंतीवर चितारतात. त्यांच्या चित्रांतील माणसांना धड असते. डोक्याच्या जागी मात्र दिवा किंवा अवजार. गावच्या खाणीतल्या कोळशाची आठवण करून देणारे हे रंगसाहित्य, ही निवड विलक्षण समर्पक आहे. अशी भित्तिचित्रे त्या जागेपुरतीच असतात. प्रदर्शन आटोपले की बहुधा भिंत पुन्हा रंगवली जाते.

साओ पाउलो (२०१४) आणि कोची-मुझिरिस (२०१८) द्वैवार्षिकींत त्यांचा सहभाग होता. कोचीतील कामामागे शेतकऱ्यांची आंदोलने होती. वेल्समधील कार्डिफचा ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार २०२१ मध्ये अंतिम फेरीतील सहाही कलावंतांना विभागून देण्यात आला. पाचपुते त्यांपैकी एक. वेल्सलाही कोळशाचा मोठा इतिहास आहे.