सुरवंटाची गोष्ट वर्गात शिकवताना
एरिक कार्ल यांचे ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे १९६९ सालचे चित्रपुस्तक प्राथमिक वर्गात आजही वापरले जाते. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, असे करत सुरवंट शुक्रवारी पाच संत्री फस्त करतो. वार आणि आकडे एकत्रच शिकून होतात. फळांना खरीखुरी भोके आहेत. मुले त्यांत बोट घालून मोजतात. पाच दिवसांत फळे किती? (पंधरा.)

विज्ञानाच्या तासाला मात्र जपून. पुस्तकातला सुरवंट स्वतःभोवती घर बांधतो. असे घर विणतात ते पतंगांचे सुरवंट, उदाहरणार्थ रेशमाचा किडा. फुलपाखराचा सुरवंट शेवटची कात टाकतो आणि आतला कोश उघडा पडतो. कढीपत्त्यावर सापडलेला सुरवंट रोज ताजा पाला घालून जाळीच्या झाकणाच्या बरणीत ठेवला, तर हे मुलांना वर्गातच पाहता येते.