हाडातली गाठ, कृत्रिम सांधा आणि जपून ठेवायचे दोन कागद

घरातला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा गुडघा दुखतो म्हणतो. क्रिकेट खेळताना लागलं असेल, असं समजून अम्मी तेल चोळते. कुणीतरी ओळखीच्या हाडवैद्याचं नाव सांगतं आणि पंधरा दिवस पट्टी बांधली जाते. बहुतेक वेळा दुखणं साधंच असतं आणि बरं होतं. पण फार थोड्या मुलांमध्ये त्यामागे हाडातली गाठ असते. अशा वेळी वाया गेलेला एकेक महिना महाग पडतो.

हा लेख कुणाला घाबरवण्यासाठी नाही. हाडाच्या कॅन्सरचा इलाज गेल्या पन्नास वर्षांत खूप बदलला आहे. पूर्वी पाय कापण्याशिवाय मार्ग नव्हता, आज बहुतेक रुग्णांचा पाय वाचवता येतो. मात्र घरच्या लोकांकडून दोन ठिकाणी चूक होते. एक, गाठीला घाईने हात लावला जातो. दुसरी, कृत्रिम सांधा बसवल्यावर त्याची नोंद कुणी सांभाळत नाही. या दोन्ही गोष्टी समजून घेऊ.

प्रत्येक गाठ कॅन्सर नसते

हाडातल्या गाठी अनेक प्रकारच्या असतात. काही अगदी निरुपद्रवी असतात आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये सहज दिसतात. 'जायंट सेल ट्यूमर' ही गाठ साधारण २० ते ४० वयात, बऱ्याचदा गुडघ्याजवळ होते. ती सहसा कॅन्सर नसते, पण हाड पोखरते आणि काढल्यावर परत येऊ शकते.

हाडातच सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये 'ऑस्टिओसार्कोमा' आणि 'युइंग सार्कोमा' ही दोन नावे जास्त ऐकू येतात. दोन्ही मुख्यतः वाढीच्या वयातल्या मुला-मुलींना होतात. ऑस्टिओसार्कोमाची आवडती जागा म्हणजे गुडघ्याच्या आसपासचे हाड. मोठ्या वयाच्या माणसांत मात्र हाडातला कॅन्सर बऱ्याचदा स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस, किडनी अशा दुसऱ्या अवयवातून पसरलेला असतो. त्याचा इलाज वेगळा असतो.

कधी सावध व्हायचे

- दुखणे रात्री वाढते, झोपेतून जाग येते आणि विश्रांतीनेही कमी होत नाही.
- सांध्याजवळ सूज किंवा घट्ट गाठ दिसते आणि ती वाढत जाते.
- मूल लंगडू लागते किंवा गुडघा पूर्ण वाकत नाही.
- किरकोळ धडपडीत हाड मोडते.

दुखणे तीन-चार आठवड्यांत कमी झाले नाही, तर एक्स-रे काढून घ्यावा. खर्च थोडा असतो आणि पहिला इशारा बहुधा तिथेच मिळतो. तोपर्यंत सुजलेल्या जागेवर जोराने मालिश, शेक किंवा पट्टी बांधणे टाळावे. पडल्यामुळे कॅन्सर होत नाही. पडल्यावर त्या जागेकडे लक्ष जाते आणि आधीपासून असलेली गाठ सापडते, एवढेच.

पहिला कागद : बायोप्सीचा रिपोर्ट

एक्स-रेमध्ये शंका आली की एमआरआय आणि मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, असा क्रम असतो. बायोप्सी छोटी वाटते, म्हणून "इथेच जवळच्या दवाखान्यात करून घेऊ" असा विचार होतो. पण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होऊ शकते.

कारण असे : सुई ज्या वाटेने आत जाते, त्या वाटेवर गाठीच्या पेशी राहू शकतात. म्हणून मोठ्या ऑपरेशनमध्ये सर्जन ती वाटही गाठीबरोबर काढून टाकतो. सुई चुकीच्या जागेतून घातली, तर जास्तीचा स्नायू, नस किंवा कधी अख्खा पाय गमवावा लागू शकतो. अमेरिकेतील सर्जन हेन्री मॅनकिन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ५९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायोप्सी खऱ्या उपचार केंद्राऐवजी बाहेर झाली असेल तर चुका आणि गुंतागुंती २ ते १२ पट जास्त होत्या, असे त्यात दिसले.

म्हणून साधा नियम : ज्या केंद्रात ऑपरेशन होणार, तिथल्याच टीमच्या सल्ल्याने बायोप्सी करावी. ती आधीच झाली असेल, तर रिपोर्टबरोबर बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या. पुढचे हॉस्पिटल ते पुन्हा तपासते.

पाय कापण्यापासून पाय वाचवण्यापर्यंत

१९७० च्या आधी ऑस्टिओसार्कोमा झाला की पाय कापला जाई. तरीही बहुतेक रुग्ण वाचत नसत, कारण रोग डोळ्यांना न दिसता फुफ्फुसात पोचलेला असे. १९७० च्या दशकात केमोथेरपी आली आणि चित्र पालटले. रोग फक्त हाडापुरता असताना योग्य इलाज झाला, तर आज १० पैकी सुमारे ६ ते ७ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात.

सध्याचा क्रम साधारण असा : आधी काही आठवडे केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. काढलेली गाठ तपासून केमोचा किती परिणाम झाला ते पाहिले जाते. गाठ पूर्ण निघत असेल, तर पाय वाचवल्यामुळे जीव वाचण्याची शक्यता कमी होत नाही, हेही अनेक वर्षांच्या अनुभवातून स्पष्ट झाले आहे.

काढलेल्या हाडाच्या जागी बहुधा धातूचा मोठा सांधा बसवतात. त्याला 'मेगाप्रोस्थेसिस' म्हणतात. परदेशी सांधा लाखोंच्या घरात जात असे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी कमी किमतीचा भारतीय बनावटीचा सांधा तयार करण्यात पुढाकार घेतला आणि सामान्य घरातल्या मुलांचे पाय वाचवणे शक्य झाले. लहान मुलांसाठी वाढवता येणारे सांधेही असतात. काही वेळा रुग्णाचेच हाड बाहेर काढून, रेडिएशन देऊन त्यातल्या कॅन्सर पेशी मारतात आणि तेच हाड परत बसवतात. पण मुख्य नस किंवा रक्तवाहिनी गाठीत अडकली असेल, तर पाय काढणेच जीव वाचवणारे ठरते. अशा वेळी नकार देऊन मुलाला घरी आणू नये.

जास्त औषध म्हणजे चांगला इलाज?

आपल्याकडे समज असतो की जास्त औषध देणारा डॉक्टर चांगला. संशोधन वेगळे सांगते. 'युरामॉस-१' या चाचणीत १७ देशांतील २,२६० ऑस्टिओसार्कोमा रुग्णांची नोंद झाली. पहिल्या केमोचा परिणाम कमी दिसलेल्यांपैकी काहींना जादा औषधे देऊन पाहिली. फायदा झाला नाही, त्रास मात्र वाढला.

दुसरी चाचणी 'पॅरिटी'. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या डॉ. मिशेल घर्ट यांच्या नेतृत्वाखाली १२ देशांतील ४८ केंद्रांत ती झाली. पायाच्या हाडातली गाठ काढून मोठा सांधा बसवलेल्या ६०४ रुग्णांपैकी काहींना ऑपरेशननंतर एक दिवस आणि काहींना पाच दिवस शिरेतून अँटिबायोटिक दिले. २०२२ मध्ये निकाल आला. एका वर्षात जखमेत इन्फेक्शन झालेल्यांचे प्रमाण पाच दिवसांच्या गटात १५ टक्के आणि एका दिवसाच्या गटात १६.७ टक्के होते, म्हणजे ठोस फरक नव्हता. अँटिबायोटिकमुळे होणारे त्रास मात्र पाच दिवसांच्या गटात जास्त होते. डॉक्टरांनी औषध लवकर थांबवले म्हणून त्यांनी हयगय केली, असे लगेच समजू नका.

याच आकड्यांतून दुसरी गोष्ट दिसते. अशा ऑपरेशननंतर साधारण सहा-सात जणांत एकाला पहिल्याच वर्षात इन्फेक्शन होते. ऑपरेशन झाले म्हणजे सगळे संपले, असे नाही. सांधा सैल होणे, झिजणे, तुटणे हेही पुढे होऊ शकते. त्यामुळे तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.

सांधाच खराब निघाला तर?

इथे एक खरी घटना माहीत हवी. ती कॅन्सरच्या नव्हे, तर खुब्याच्या साध्या सांधेबदलाची आहे. पण तिचा धडा प्रत्येक इम्प्लांटला लागू आहे.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा 'एएसआर' नावाचा खुब्याचा सांधा होता. त्यात धातूवर धातू घासत असे. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटून आजूबाजूच्या मांसात आणि रक्तात जात. काही रुग्णांत सांध्याभोवती कॅन्सर नसलेली गाठ तयार होई. डॉक्टर तिला 'स्यूडोट्यूमर', म्हणजे खोटी गाठ म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये बसवलेल्या प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंद होते. त्या नोंदीतून दिसले की पाच वर्षांत १२ ते १३ टक्के रुग्णांचे ऑपरेशन पुन्हा करावे लागले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून हा सांधा परत घेतला. तोपर्यंत सुमारे ९३ हजार सांधे बसवले गेले होते.

भारतात ही ऑपरेशन्स सुमारे ४,७०० झाली होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीविरुद्ध तक्रार करून हा विषय लावून धरला. पुढे केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने प्रत्येक बाधित रुग्णाला किमान २० लाख रुपये देण्याची शिफारस केली आणि २०१८ च्या अखेरीस सुमारे ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचे सूत्र ठरले.

पण समितीपुढे मोठी अडचण होती. सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. सांधा शरीरात होता, भरपाई ठरत होती, पण कुणाच्या अंगात कोणता सांधा आहे हे सांगणारी नोंद हाती नव्हती. आणि त्या रुग्णांपैकी किती जणांना स्वतःला तरी ते माहीत होते?

एक दिलासाही सांगायला हवा. धातूच्या अशा सांध्यांमुळे कॅन्सर होतो का, याचा अभ्यास इंग्लंड आणि वेल्समध्ये झाला. २०१२ च्या त्या अभ्यासात पहिल्या सात वर्षांत कॅन्सरचा धोका वाढलेला आढळला नाही.

दुसरा कागद : इम्प्लांटचे स्टिकर

प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात छोटी चिकटपट्टी, म्हणजे स्टिकर असते. त्यावर कंपनी, मॉडेल, साइज आणि लॉट किंवा सिरियल नंबर असतो. ते केस पेपरवर लावतात. घरी निघताना हे करा :

- स्टिकरची एक प्रत स्वतःकडे मागा. डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचे नाव आणि नंबर लिहिला आहे का, ते पाहा.
- बिलात इम्प्लांटची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर वेगळे दाखवलेले आहेत का, ते तपासा. गुडघ्याच्या इम्प्लांटसाठी तसे दाखवणे बंधनकारक आहे.
- मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांकडे पाठवून ठेवा. मूळ कागद फाइलमध्ये ठेवा.
- पत्ता किंवा फोन नंबर बदलला, तर हॉस्पिटलला कळवा.

इम्प्लांटमुळे त्रास झाल्यास तक्रार नोंदवण्यासाठी देशात २०१५ पासून 'मटेरिओव्हिजिलन्स' कार्यक्रम सुरू आहे. डॉक्टरांबरोबर रुग्णालाही तक्रार करता येते. त्यासाठीही हाच नंबर लागतो.

किंमत आणि मदत

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लावली. कॅन्सर आणि ट्यूमरसाठीच्या खास इम्प्लांटची किंमत तेव्हा जीएसटी सोडून १ लाख १३ हजार ९५० रुपये ठरली. त्याआधी त्यासाठी ४ ते ९ लाख रुपये मोजावे लागत. हे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून ऑपरेशनआधी चालू दर लेखी विचारा.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार येतात. रेशन कार्ड आणि आधार तयार ठेवा, नावांमध्ये फरक असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या. मोठ्या सरकारी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांत वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांना पहिल्याच दिवशी भेटा. जकातीतून मदत करणाऱ्या संस्थाही हॉस्पिटलचे लेखी अंदाजपत्रक मागतात.

घरी आल्यावर

मोठा सांधा बसवल्यावर गुडघा किती वाकवायचा, जमिनीवर बसायचे का, हे प्रत्येकाचे वेगळे असते. नमाजमध्ये गुडघे टेकायचे की खुर्चीवर बसून अदा करायची, हे सर्जनला मोकळेपणाने विचारा. आजारी माणसाला बसून नमाजची सवलत आहेच. संकोचापोटी सांध्यावर भार टाकू नका.

ताप, जखमेतून पाणी, सांध्याजवळ लाली किंवा नवीन दुखणे दिसले, तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. त्याने इन्फेक्शन झाकले जाते आणि तपासणीत जंतू सापडत नाही. आधी सर्जनला दाखवा.

रोगावर आपला इलाज चालत नाही, तो डॉक्टरांनी करायचा. पण गाठीला योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी हात लावू देणे आणि अंगात बसवलेल्या वस्तूची नोंद सांभाळणे, ही दोन कामे घरच्यांचीच आहेत. तुमच्या घरात कुणाचा गुडघा, खुबा किंवा हाड बदलले असेल, तर आजच जुनी फाइल काढा आणि ते स्टिकर आहे का ते पाहा. नसेल, तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज देऊन प्रत मागा. उशीर झाला तर जुना रेकॉर्ड मिळणे अवघड होते.